तोंड तिचं, आवाज फोडणीचा

आमच्या घरात सगळे ओरडून बोलतात. भांडण नसतं हो. साखर संपली, एवढंच सांगायचं असतं. पण शेजारणीला वाटतं, आज यांच्याकडे कुणीतरी घर सोडून निघालंय. कारण साधं आहे. मी, आमचे हे आणि माझी थोरली नणंद, तिघांचाही जन्म कापडाच्या गिरणीत गेला. मागखात्यात, म्हणजे जिथं कापड विणलं जातं त्या लांबलचक शेडमध्ये, शे-दोनशे माग एकदम धडधडत असतात. तिथं माणसाच्या आवाजाला काडीची किंमत नाही. कान हळूहळू जातात, आणि गेलेत हे सगळ्यात शेवटी आपल्यालाच कळतं.

म्हणून मागावरच्या बायका ओठांनी बोलतात. आवाज काढायचा नाही, नुसते ओठ नीट हलवायचे. जोडीला हात, भुवया, आणि विषय तसा असेल तर मान. या टोकाच्या बाईनं ‘सुनेला दिवस गेलेत’ म्हटलं की त्या टोकाची बाई सुताच्या तुटलेल्या तारा सांधता सांधता ‘कितवा?’ विचारते. मधून मुकादम चालत जातो, त्याला वाटतं, बायका रवंथ करतायत.

मला हे बोलणं वन्संनी शिकवलं. वन्सं म्हणजे माझी ही नणंदच. लग्न केलं नाही. का, ते विचारायची आमच्या घरात पद्धत नाही. मी नवी नवरी म्हणून आले आणि महिन्याभरात मागावर उभी राहिले, तेव्हा त्या माझ्या हनुवटीला बोट लावून ओठ उघडायला लावायच्या. ‘नीट. तोंडात लाडू धरल्यासारखं बोलू नकोस.’

गिरणीत त्यांना ‘काटा’ म्हणतात. तराजूचा काटा. कापडात एक तार इकडची तिकडे झालेली त्यांना खपत नाही, आणि बोलण्यातही तेच. कुणी म्हणालं, “हजारदा सांगितलं तुला,” की यांच्या भुवया वर. “हजारदा?” आमचे हे बिचारे लहानपणापासून त्या भुवयांना घाबरतात.

घरात मात्र वन्सं घुम्या. जेवायला वाढलं तरी मान हलवणार. मागावर उभ्या राहिल्या की ओठ थांबत नाहीत. गडगडाट असला की त्या उमलतात, शांतता झाली की मिटतात. काही फुलं उजेडाला भितात, तसं.

त्यांच्या शेजारच्या मागावर फोडणी. हे तिचं नाव नव्हे हे सांगायला नको. साध्या पाण्यालाही फोडणी दिल्याशिवाय ती पुढे सरकवत नाही. हिच्या नवऱ्याला ठेच लागली तर हिच्या सांगण्यात त्याचा पाय मोडतो, आणि संध्याकाळी तोच नवरा फाटकाशी हिला न्यायला दोन पायांवर उभा असतो. काटा आणि फोडणी. देवानं शेजारी शेजारी माग दिले, दुसरं काय! दिवसभर एकीनं सांगायचं आणि दुसरीनं दुरुस्त करायचं. आणि एक जण कामावर आली नाही की दुसरीचं कापड बिघडायचं.

आता त्या सभेचं सांगते.

मागच्या वर्षी मोठ्या दवाखान्यातल्या एका सिस्टरनं सगळ्यांच्या देखत उभं राहून सांगितलं, की वरचा डॉक्टर तिच्याशी काय करतो. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी आणखी एक उभी राहिली. मग शाळेतली बाई, कपड्यांच्या दुकानातल्या मुली, बसची कंडक्टर. दर सुट्टीच्या दिवशी शाळेच्या सभागृहात बायका जमायला लागल्या. हार नाही, तुरे नाहीत, पाहुण्यांचा परिचय नाही. जिला बोलायचं असेल तिनं उभं राहायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आणि ‘पण तू तिथं गेलीसच का’ हा प्रश्न कुणी विचारायचा नाही. एवढाच नियम. लोक त्याला ‘बायकांची सभा’ म्हणायला लागले. काही लोक आणखीही काही म्हणायचे, त्यांचं तोंड त्यांना लखलाभ.

बघता बघता त्या सभेचं वजन वाढलं. डॉक्टरची नोकरी गेली. दुकानाच्या मालकानं मुलींची माफी मागितली. आणि एके दिवशी त्या सगळ्या जणी आमच्या गिरणीच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. कारण आमच्याकडचा मुकादम.

मुकादम दिसायला सज्जन. टोपी, खिशात कंगवा, तोंडात ‘बाई, बाई’. मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या शेडच्या टोकाला एका कोठीत असतात. संपल्या की आपण जाऊन आणायच्या. कोठीच्या दाराला स्प्रिंग. आत गेलं की ते आपोआप लागतं. मुकादम बाईमागून कोठीकडे निघाला की आम्ही एकमेकींना ओठांनी सांगायचो, ‘गेला.’ जिला शक्य ती माग बंद करून ‘माझ्याही कांड्या संपल्या’ म्हणत आत घुसायची. त्या शेडमध्ये कांड्या इतक्या भराभर का संपतात, याचं साहेबांना कोडं पडलं होतं.

पण एका सकाळी पाळी नुकती सुरू झाली होती, बायका अजून पदर खोचत होत्या, आणि वन्सं एकट्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी कांड्या मागावर ठेवल्या, माग सुरू केला, आणि मला ओठांनी सगळं सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता. शेजारी फोडणीनं वाचलं. तिनं त्या दिवशी त्यात काही घातलं नाही, यावरून काय ते समजा.

घरी मात्र तो विषय नाही. मी काढला की वन्सं भांडी घासायला उठायच्या. भांडी घासलेली असली तरी.

फाटकावर बायका आल्यावर साहेबांनी समिती नेमली. तिघं जण. निवृत्त न्यायाधीश बाई, गिरणीचा एक अधिकारी, आणि सभेतर्फे दवाखान्यातली ती सिस्टर. त्यांनी एकच सांगितलं, ऐकीव चालणार नाही. जिच्यावर गुदरलं तिनं स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं. कुणीच पुढे आलं नाही, तर रजेवर पाठवलेला मुकादम सोमवारी परत कामावर.

“मी सांगते,” वन्सं म्हणाल्या. “पण साहेबाच्या केबिनमध्ये नाही. तिथं तो मऊ कोच आहे, त्यात बसलं की माणूस बुडतं. मी सभेत उभी राहून सांगीन.”

समितीनं मान्य केलं. आणि आमच्या स्वयंपाकघरात तालीम सुरू झाली.

“बोला,” मी म्हटलं.

वन्संनी तोंड उघडलं, मिटलं. “काय बोलू? तुला माहीत आहे ना सगळं.”

“मी न्यायाधीश बाई आहे असं समजा.”

“न्यायाधीश बाईंच्या हाताला कणीक लागलेली नसते.”

हे दारात उभे. भावाचं काळीज, बहिणीकडे बघवत नाही आणि तिथून हलवतही नाही. “ताई, नसेल जमत तर राहू दे. मीच जातो आणि त्याला...”

“तू काय करशील? तुला तुझी चप्पल सापडत नाही.”

हे चप्पल शोधायला गेले. खरंच सापडली नाही.

मग माझ्या लक्षात आलं. मी नळ सोडला, बादलीत पितळी पातेलं आपटायला सुरुवात केली, आणि वन्सं बोलायला लागल्या. चक्क आवाज काढून. शेजारणीनं खिडकी उघडली, पण मी आपटतच राहिले. अर्ध्यावर नळाचं पाणी गेलं. शांतता झाली, आणि वन्सं पुन्हा मिटल्या.

“एवढं शांत असलं की माझा गळाच धरतो गं,” त्या म्हणाल्या. “सगळं जग ऐकतंय असं वाटतं.”

“ऐकायलाच तर बसणार आहेत ते.”

“तेच तर.”

सभेच्या दिवशी सभागृह भरलेलं. भिंतीवर पाढ्यांचा तक्ता, लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्या, त्यांवर आमच्यासारख्या थोराड बायका गुडघे छातीशी घेऊन बसलेल्या. मागखात्यातल्या सगळ्या एका बाजूला. पुरुषांना आत मज्जाव, म्हणून हे बाहेर पायरीवर. समोर टेबलामागे समिती. सिस्टरनं वन्संना हाताला धरून माईकपाशी आणलं आणि म्हणाली, “सावकाश. कुणाला घाई नाही.”

सभागृह एकदम गप्प झालं. पंख्याचा आवाजही कुणी बंद केल्यासारखा वाटला. मला वाटलं, झालं, आता पितळी पातेलं कुठून आणू!

वन्संनी समोर पाहिलं. मग आमच्या बाजूला पाहिलं. आणि बोलायला लागल्या. सरळ, ताठ, हात बाजूला सोडून, ओठ अगदी स्पष्ट.

आवाजच नव्हता.

सिस्टरनं माईकवर टिचकी मारली. टक टक झालं. तिनं बटण खालीवर केलं. न्यायाधीश बाईंनी कानामागे हात धरला. मागून कुणीतरी ओरडलं, “ऐकू येत नाहीये!” अधिकाऱ्यानं घड्याळ पाहिलं. आणि वन्सं आपल्या बोलतच होत्या. त्या नंतर मला म्हणाल्या, “माझ्या कानात माग सुरू झाले होते. मला वाटलं, आवाज निघतोय.”

आमच्या बाजूला मात्र टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. आम्हाला सगळं समजत होतं.

फोडणी ताडकन उठली. खुर्ची तिच्यासकट उठली. ती तिनं काढून खाली ठेवली. “अहो, ती बोलतेय की! माईक काय बडवताय? मी सांगते काय म्हणतेय ते.”

“बाई,” न्यायाधीश बाई म्हणाल्या, “त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगायचं आहे.”

“तोंड तिचंच आहे. आवाज तेवढा माझा.”

हसू सगळीकडे पसरलं, न्यायाधीश बाईंच्याही ओठांच्या कोपऱ्यात. त्यांनी वन्संकडे पाहिलं. वन्संनी मान डोलावली. फोडणीनं घसा साफ केला, आणि सुरू झाली.

“मी मागावर काम करते. सकाळची पाळी होती. माझ्या कांड्या संपल्या म्हणून मी कोठीत गेले.”

वन्संचे ओठ पुढे, फोडणीचा आवाज एक पाऊल मागे. इतकी वर्षं या दोघी एकमेकींच्या बोलण्यावर वस्सकन येतात, आणि आज फोडणी तान्हं पोर कुणाच्या हातात द्यावं तसा शब्द उचलून पुढे देत होती.

“मी कांड्या घेतल्या. मागे दार लागलं. मुकादम आत आला होता. त्यानं मागून येऊन माझ्या कमरेला हात घातला. मी म्हटलं, मला जाऊ द्या. तो हसला. म्हणाला, या वयात तुला कोण विचारतंय, उपकार समज. मग त्यानं...”

फोडणीचा आवाज इथं चिरकला. पण तिनं ते सांगितलं. हात कुठे गेला ते. मी इथं लिहीत नाही. तिथं ते लिहून घेतलंय.

मग वन्संचे ओठ थांबले. एक क्षण, दोन क्षण. त्या काहीतरी शोधत होत्या. आणि फोडणीला रिकामी जागा सहन होत नाही, हा तिचा जन्माचा रोग.

“आणि मी गर्रकन फिरले,” तिचा आवाज चढला, “आणि त्याच्या अशी थोबाडीत वाजवली, अशी वाजवली, की टोपी उडून कांड्यांत पडली!”

टाळ्या! दुकानातल्या मुली तर उभ्याच राहिल्या. टाळी वाजवली नाही ती फक्त मागखात्यानं. आम्ही ओठ वाचले होते. ओठ मिटलेले होते.

गिरणीच्या अधिकाऱ्यानं पहिल्यांदाच मान वर केली. “हे नीट लिहून घ्या,” तो गोड आवाजात म्हणाला. “बाईंनी मुकादमांवर हात उगारला. म्हणजे प्रकरण मारामारीचं आहे.”

न्यायाधीश बाई गंभीर झाल्या. “बाई, तुम्ही मारलंत? हे तुमचं म्हणणं आहे?”

हो म्हणावं तर मारकुटी. नाही म्हणावं तर मघाचं सगळं फोडणीचं, आणि फोडणी खोटी. सोमवारी मुकादम टोपी घालून, कंगवा खिशात ठेवून दारात हजर.

“नाही.”

आवाज असा आला की माईक किंचाळला. आमच्या घरचा आवाज होता तो, साखर संपल्याचा. बाहेर पायरीवर आमचे हे उठून उभे राहिले, मला खिडकीतून दिसलं.

“नाही मारलं,” वन्सं म्हणाल्या. “हे हिनं घातलंय. ए, मी असं म्हटलं का? मी कधी म्हटलं असं?”

“नाही,” फोडणी पुटपुटली.

“मग जे झालं नाही ते कशाला सांगतेस? झालं तेवढं कमी आहे का?” मग त्या टेबलाकडे वळल्या. “बाई, माझे दोन्ही हात भरलेले होते. कांड्या अशा छातीशी धरल्या होत्या, हनुवटीपर्यंत. टाकल्या असत्या तर सगळं सूत गुंतलं असतं. ते सूत मी टाकू शकत नाही. हाताला तशी सवयच नाही. म्हणून मी मारलं नाही, ढकललं नाही, काही केलं नाही. मी तशीच उभी राहिले. तो निघून गेल्यावर बाहेर आले, कांड्या जागेवर ठेवल्या, एकही पडली नव्हती. मला त्याचीच लाज वाटत होती. एकही कशी पडली नाही याची. म्हणून आत्ता थांबले होते मी. कसं सांगावं ते शोधत होते.”

त्यांनी श्वास घेतला.

“पण मी उभी राहिले म्हणजे मला चाललं, असं लिहू नका. त्याला ठाऊक होतं ते. तो हात भरेपर्यंत थांबायचा.”

अधिकारी म्हणाला, “पण मग तुम्ही ओरड...” आणि न्यायाधीश बाईंनी त्याच्याकडे न बघताच म्हटलं, “साहेब, असले प्रश्न इथं विचारत नाहीत. नियम आहे.”

मग मागखात्याच्या शेवटच्या रांगेतून एक बारीक आवाज आला. “माझेही भरलेले होते.” वाकून तारा जोडणारी, पाच वर्षांत कुणाशी वर मान करून न बोललेली बाई ती. तिच्यानंतर दुसरी. मग पलीकडून दुकानातली मुलगी, “माझ्या हातात गिऱ्हाइकाचे कपडे होते.” कंडक्टर म्हणाली, तिच्या एका हातात तिकिटं होती, दुसऱ्यानं दांडी धरलेली. कुणाच्या कडेवर मूल होतं. आणि समितीत बसलेली सिस्टर, जिनं हे सगळं सुरू केलं, ती टेबलाकडे बघत हळूच म्हणाली, “माझ्या हातात पेशंटचा हात होता. सोडला असता तर तो पडला असता. हे मी आजपर्यंत सांगितलं नव्हतं.”

माझ्या हातात काय होतं, ते मी तिथं सांगितलं. परत सांगत नाही.

समितीनं आत जाऊन फार वेळ लावला नाही. न्यायाधीश बाई बाहेर आल्या आणि उभ्यानंच म्हणाल्या, मुकादम सोमवारी येणार नाहीत. निकाल लागेपर्यंत फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही, आणि निकाल कसा लागेल याची बायकांनी काळजी करू नये. कोठीचं दार उद्या बिजागऱ्यांसकट काढायचं. अधिकाऱ्यानं सही केली. त्याचे हात रिकामेच होते.

आम्ही बाहेर आलो. यांना सगळं ऐकू गेलं होतं. आमच्यात कान त्यातल्या त्यात यांचेच बरे. डोळे लाल. काहीतरी म्हणायचं होतं यांना, पण जमेना, म्हणून बहिणीच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली. बायकी पिशवी, फुलाफुलांची. रस्ताभर तशीच मिरवली.

फोडणी आमच्या मागून चालत होती, चार हात अंतर ठेवून. आयुष्यात पहिल्यांदा गप्प. वन्सं ताठ चालल्या होत्या. दोन वळणं गेली. शेवटी मीच म्हटलं, “वन्सं, बोला तिच्याशी. नाहीतर ती आजारी पडेल.”

वन्सं थांबल्या. फोडणीही थांबली, तिथंच, चार हातांवर.

“माझ्यामुळे घात झाला असता,” फोडणी म्हणाली. “माझी जीभ झडो.”

“झडायला नको. कशाला झडेल? दुसरं तुझ्याकडे आहे काय?”

“मला बघवेना गं. तू गप्प झालीस, आणि मला ते सगळं दिसत होतं, तू आणि तो आणि ते दार. एक तरी बसायला हवी होती त्याला. तुझे हात मोकळे नव्हते, म्हणून म्हटलं, आपण मारू.”

वन्सं मागे चालत गेल्या आणि तिचा निसटलेला पदर नीट करून दिला. दोघी शेजारी शेजारी चालायला लागल्या. हे पुढे, फुलाफुलांची पिशवी हलवत.

थोड्या वेळानं वन्संनी विचारलं, “कुठल्या गालावर मारलीस?”

फोडणी दचकली. “हं?... डाव्या.”

“तो माझ्या उजव्या बाजूला उभा होता. मी फिरले असते तर उजव्या गालावर बसली असती.”

“बरं बाई, उजव्या.”

“आणि जोरात?”

“अगं जोरात म्हणजे काय, टोपी...”

“टोपी राहू दे,” वन्सं म्हणाल्या. पण चार पावलं पुढे गेल्यावर त्यांचं त्यांनाच हसू फुटलं. मोठ्यानं, रस्त्याच्या मधोमध. मी त्यांना असं हसताना इतक्या वर्षांत बघितलं नव्हतं. “बरं, टोपी असू दे. पण कांड्यांत नको पडायला. सूत मळतं.”